फिचीनोचा शनी

फलज्योतिषाच्या खंडनासाठी लेखणी उचलावी, बारा वर्षांनी त्याच शास्त्राच्या आधारे आरोग्याचा ग्रंथ रचावा, आणि पुढे पाच वर्षांनी खंडनकर्त्यांच्या पंक्तीत पुन्हा जाऊन बसावे, असे वर्तन एखाद्या ग्रामजोशाने केले असते तर गावाने त्याच्या वतनाची सनदच पाहावयास मागितली असती. परंतु फ्लॉरेन्सच्या मार्सिलिओ फिचीनोने (१४३३–१४९९) नेमके हेच केले, आणि त्याला चंचल म्हणून निकालात काढणे मला उतावीळपणाचे वाटते.

वैद्याचा पुत्र, प्लेटोच्या समग्र संवादांचा लॅटिन भाषांतरकार आणि १४७३ पासून दीक्षित धर्मगुरू असलेल्या या पुरुषाने १४७७ च्या आपल्या अप्रकाशित खंडनग्रंथात असा पक्ष मांडला की, ग्रह ही भावी घटनांची फार तर चिन्हे असतील, परंतु त्यांना कारणे मानले की ईश्वराची सत्ता आणि मनुष्याचे कर्तृत्व ही दोन्ही एकदमच बुडतात. गंमत अशी की, स्वतःच्या कुंडलीत लग्नी कुंभेचा शनी असल्याचे शल्य त्याला जन्मभर होते; आपल्या विषण्णतेचे खापर तो त्याच्यावर फोडी, आणि जोव्हान्नी कावालकान्ती या मित्राने याबद्दल कानउघाडणी केली तेव्हा त्याने उत्तर दिले की, ही प्रकृती शनीची देणगी असो वा नसो, अ‍ॅरिस्टॉटलच्या मते ती दैवी आहे.

१४८९ च्या जीवनविषयक त्रिखंडात्मक ग्रंथात हाच शनी रोगी होऊन वैद्यापुढे येतो. अभ्यासाने शुष्क झालेल्या विद्वानाने सूर्य, गुरू आणि शुक्र यांचे अनुकूल तेज सुगंध, वर्ण, संगीत, फार काय कोरीव रत्ने यांच्या द्वारे आपल्याकडे ओढून घ्यावे, असे तिसरे पुस्तक सांगते. जादूटोण्याच्या संशयातून रोमच्या दरबारी सुटका होण्यास ग्रंथकर्त्याला १४९० उजाडावे लागले. त्याच्या या उपचारास आपण ग्रहशांतीच म्हणू. ज्याची शांती होऊ शकते तो ग्रह विधाता नव्हे. चतुर वैद्य ऋतुमान पाहून औषध देतो, तसे ग्रहमान पाहावे, एवढेच फिचीनोचे म्हणणे. अरबांची जी विद्या त्याने वापरली, तिचाच एक प्रवाह ताजिक या नावाने इकडे पोचला होता, आणि ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांचे पिते, नांदगावचे केशव दैवज्ञ, हे फिचीनोचे समकालीनच होते.

आमच्या आदिलाबादेकडे हा प्रश्न पोथीबाहेर नांदतो. उगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी येतात, आणि तेलुगू असो वा मराठी, पंचांगवाचनात संवत्सराचा राजा, मंत्री, मेघाधिपती अशी आकाशाची सारी अंमलदारी जाहीर होते. कापूसवाला शेतकरी ती आदराने ऐकतो, आणि पेरणीची वेळ आली की काळ्या मातीची ओल मुठीत घेऊन पाहतो. केसलापूरला मेस्राम गोंड पौष अमावास्येला नागोबाची पूजा मांडतात, त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. तेथे चंद्र दिवस नेमून देतो, कोणाचे भवितव्य सांगत नाही. बासरला वसंत पंचमीस अक्षराभ्यासासाठी जी मुले येतात, त्यांची कुंडली कोणी मागत नाही. आकाशाला कालगणनेची कचेरी मानणे निराळे आणि फौजदारी न्यायालय मानणे निराळे, हा भेद या लोकांना शिकवावा लागला नाही.

परंतु सोयरीक जुळविताना हाच समंजसपणा लोपतो. मंगळाच्या कन्येस नकार येतो, किंवा दयाळू जोशी कुंभविवाहाचा तोडगा सांगतो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. येथे १४८९ च्या फिचीनोशी माझे जमत नाही. उपाय सांगणारा हा निर्दय नसतो, हे खरे. पण मडक्याशी लग्न लावून घेताना त्या मुलीने आपल्यावरील आरोप कबूल केलेला असतो, आणि शांतीची दक्षिणा हा त्या निकालाचा दंडच ठरतो. तत्त्वज्ञ पिको देल्ला मिरान्दोलाने फलज्योतिषावर प्रखर ग्रंथ रचला (तो १४९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला), तेव्हा १४९४ मध्ये फिचीनोने कवी पोलित्सिआनोस पत्र लिहून त्या हल्ल्याचे अभिनंदन केले. त्यात भीतीचा अंश नव्हताच असे म्हणवत नाही. तरी आपल्या औषधाने रोगाचीच प्रतिष्ठा वाढते, हे त्या वैद्यपुत्राच्या ध्यानी आले असावे, असे मानावयास मला आवडते.