बेट, डोंगर आणि हाकेचं अंतर

‘पर्यायी जगणं’ हा शब्द वापरायला सोपा आहे, पण त्यात एक गोम आहे. पर्याय कशाला, हे त्यात सांगितलेलंच नसतं. वाकडच्या ट्रॅफिकला? रात्री अकरापर्यंत वाजणाऱ्या ऑफिसच्या मेसेजेसना? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला? की आपल्याकडून काही मागू शकतील अशा माणसांना? पहिल्या तिघांना कुणी पर्याय शोधत असेल तर माझा त्याला पाठिंबाच आहे. चौथ्याचं काय, यावर मी गेलं वर्षभर विचार करतेय.

आमच्यापुरता प्रश्न साधा आहे. मी आणि नवरा, दोघंही तिशी ओलांडलेले, दोघांचीही कामं लॅपटॉपवर चालणारी. मूल नाही, कर्ज नाही. पुण्यातल्या घराचा भाडेकरार मे महिन्यात संपतोय आणि तो पुन्हा करायचा नाही, यावर आमचं एकमत आहे. पुढे कुठे, यावर नाही. यादी कापत कापत दोन जागा उरल्या. एक, हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यातलं बीर. दुसरं, गोव्यात मांडवीच्या पात्रातलं दिवाडी बेट. बीरला आम्ही ऑक्टोबरात पाच आठवडे राहून आलो, दिवाडीला ऑगस्टमध्ये तीन. नवऱ्याचं मत डोंगराला. माझंही मन डोंगराकडेच धावतं. आणि सांगलीला माझी आई एकटी राहते. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, हट्ट शाबूत.

सध्याच्या पद्धतीप्रमाणे आम्ही एक्सेल शीट केली. हवा, इंटरनेट, भाडं, भाजीपाला, दवाखाना, विमानतळ, ‘कम्युनिटी’. प्रत्येकाला दहापैकी गुण. बीर दीड गुणांनी पुढे. रात्री ती शीट पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं, की तिच्यातला प्रत्येक रकाना एकच प्रश्न विचारतोय: ही जागा आम्हाला काय देईल? फ्लॅट घेतानाही माणूस हेच विचारतो. यात पर्यायी काय होतं?

पाणी अडवणारे आणि पाणी आणणारे

दिवाडीचा फोटो तुम्ही पाहिला असेल. हिरवीगार भातशेती, मधून जाणारा सरळ रस्ता, मागे पांढरं चर्च. फोटोत जे दिसत नाही ते असं, की यातली बरीचशी शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. ही खाजणं. माणसांनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ असतात, म्हणजे लाकडी झडपांची दारं. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही. पावसाळ्यात खार धुऊन गेली की तिथे भात होतो. कोरगूट नावाचं भाताचं एक जुनं वाण थोडी खार सोसतं.

ही यंत्रणा शेकडो वर्षं चालली, ती कुणीतरी रोज तिच्याकडे बघत होतं म्हणून. खेकडे बांधाला भोकं पाडतात. लाकूड कुजतं. पूर्वी गावकारी हे बघायची, पुढे कुळांच्या संघटना आल्या. कुणी बघितलं नाही तर बांध फुटतो, खारं पाणी आत येतं आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ती काढून पुन्हा शेत करणं जवळपास अशक्य होतं. माझ्यासारखी पाहुणी त्या हिरव्या गर्दीसमोर उभी राहून ‘किती अनटच्ड निसर्ग’ म्हणू शकते. खारफुटी वाईट असते असं मला म्हणायचं नाही. शेजारच्या चोडण बेटावर तर खारफुटीतच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पण निसर्ग आणि सोडून दिलेलं शेत यातला फरक मला बघून कळत नाही. तिथे जन्मलेल्याला कळतो.

बीरमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे पाणी अडवायचं नसतं, आणायचं असतं. धौलाधारच्या बर्फाचं आणि पावसाचं पाणी ओढ्यांतून खाली येतं. त्या ओढ्यात दगड रचून बांध घालायचा आणि पाणी उताराच्या कडेकडेने, मातीच्या पाटांतून शेतापर्यंत न्यायचं. या पाटाला तिथे ‘कुह्ल’ म्हणतात. त्याची देखरेख करणारा तो ‘कोहली’. कुणाच्या शेताला पाणी कधी, हे तो ठरवतो. पुराने बांध वाहून गेला की घरटी एक माणूस कामाला बोलावतो. ४ एप्रिल १९०५च्या भूकंपात कांगडा खोऱ्यात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली आणि यातल्या कित्येक कुह्ल उद्ध्वस्त झाल्या. लोकांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. पुढच्या काळात त्यांना जास्त जड गेली ती एक साधी गोष्ट: घरातले पुरुष पगारी नोकरीला बाहेर पडले आणि कोहलीने हाक मारल्यावर फावडं घेऊन येणारी माणसं कमी झाली.

एका टोकाला समुद्राला बाहेर ठेवायचं, दुसऱ्या टोकाला बर्फाला घरी आणायचं. पण दोन्हीकडची अट एकच आहे. हाक आली की जायचं. आम्ही ज्याला ‘स्लो लाइफ’ म्हणून बघायला गेलो होतो, ते या न संपणाऱ्या डागडुजीच्या पायावर उभं आहे. आणि आमच्या दोघांच्या कॅलेंडरमध्ये तिच्यासाठी एक तासही नव्हता.

पूल कुणाला हवा?

दिवाडीला जायचं तर फेरीबोट. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून किंवा पलीकडे नार्व्याहून. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण तेवढ्यात फोन खिशात जातो. पूल नाही म्हणूनच बेट बेट राहिलंय, असं मला पहिल्या दिवशी वाटलं आणि मी ते आमच्या घरमालकीणबाईंना बोलूनही दाखवलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, “बाय, तुका बरें दिसता. रात्री कोणाच्या छातींत दुखलें जाल्यार फेरी थंयसून येवंक जाय मगे.”

पूल हवा की नको, यावर बेटावरच दोन मतं आहेत. काहींना भीती आहे, की पूल आला की मागोमाग बिल्डर येतील. काहींना वाटतं, की दवाखान्याची वाट आणखी किती वर्षं भरती-ओहोटीच्या भरवशावर ठेवायची? हा त्यांचा वाद आहे आणि दोन्ही बाजूंना आपापली माणसं, आपापली म्हातारी आईबापं आहेत. माझ्याकडे काय आहे? फोन खिशात ठेवायची हौस. तेवढ्यावर ‘पूल नको’ म्हणणं म्हणजे माझ्या शांततेचं भाडं दुसऱ्याने भरणं.

बीरमध्येही असंच. पॅराग्लायडिंगवाले २४०० मीटरवरच्या बिलिंगहून उडतात आणि हजार मीटर खाली बीरच्या मैदानात उतरतात. २०१५मध्ये तिथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला. कॅफे वाढले, गाड्या वाढल्या. आम्ही पाच आठवड्यांचे रहिवासी, तरी तिसऱ्या आठवड्यात ‘आता इथे फार टुरिस्ट यायला लागलेत’ असं एकमेकांना सांगू लागलो होतो. ज्या पोराच्या घरात या उड्डाणांमुळे पहिल्यांदा नियमित पैसा आला, त्याला या वाक्याचा अर्थ काय लागत असेल?

घर कुणाचं?

हिमाचलमध्ये १९७२च्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ आहे. हिमाचलात शेती नसलेल्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जमीन घेता येत नाही. सांगलीच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे, त्याचा तिथे उपयोग शून्य. गोव्यानेही २०२३मध्ये भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर निर्बंध आणले. घर मात्र मुंबई-दिल्लीवाल्यांना घेता येतं, आणि ते घेतात. नवऱ्याला कलम ११८ जाचक वाटतं. “देश एक आहे ना?” म्हणतो. मला ते आता बरं वाटू लागलंय. तो कायदा आमच्यासारख्यांना एवढंच सांगतो: या, राहा, पण इथल्या माणसाला त्याच्या जमिनीवरून उठवू नका.

अर्थात भाड्यानेही माणूस उठतोच. पुण्याच्या पगारावर आम्ही जे भाडं हसत देऊ, ते तिथल्या शाळेतल्या शिक्षकाला परवडणार नाही. आमच्यासारखे पन्नास आले की घरमालकांचं गणित बदलतं. हे आम्ही वाईट माणसं असल्यामुळे होत नाही, आमच्या बँक खात्यामुळे होतं. म्हणून ‘आम्ही चांगले आहोत’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

मग काय, जिथे जन्मलो तिथून कुणी हलूच नये? तसं म्हटलं तर माझे आजोबाही सांगलीचे नव्हेत. बीरमधली तिबेटी वसाहत घ्या. १९५९नंतर घरदार सोडून भारतात आलेल्या निर्वासितांनी ती वसवली. त्यांनी एक्सेल शीट केली नव्हती. आज त्यांचे गोम्पा आणि शाळा बीरच्या ओळखीचाच भाग आहेत. दिवाडीवरही ये-जा काही कमी झाली नाही. सप्तकोटेश्वराचं देऊळ मुळात याच बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव पाण्यापलीकडे नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये करवला. देवही जिथे स्थलांतरित आहे, तिथे मूळचा कोण आणि उपरा कोण, याचा हिशोब मी काय मांडणार?

येण्याला दोष नाही. फरक पडतो तो परतीच्या तिकिटाने. निर्वासिताला परतीचं तिकीट नसतं, म्हणून त्याला शेजाऱ्याशी जुळवून घ्यावंच लागतं. आमच्या खिशात ते कायम असतं. २०२३च्या पावसाळ्यात हिमाचलमध्ये डोंगर खचले, रस्ते वाहून गेले. अशा वेळी लॅपटॉपवाला पहिल्या सुरू झालेल्या बसने खाली उतरतो. उतरण्यात गैर काही नाही, पण वर राहिलेल्यांनी त्याला आपला का म्हणावं?

थोरो आईकडे जायचा

या विषयावर बोलताना कुणीतरी हेन्री डेव्हिड थोरोचं नाव काढतंच. १८४५ ते १८४७, दोन वर्षं दोन महिने तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहिला. जमीन त्याचा मित्र इमर्सनची. गाव चालत जाण्याच्या अंतरावर, आणि थोरो वरचेवर घरी आईकडे जायचा. इंटरनेटवर यावरून त्याची भरपूर टिंगल होते: बघा, एकांताचा प्रेषित आणि आईच्या हातचं जेवतोय.

मला अलीकडे ही त्याच्या प्रयोगातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. तो दूर गेला, पण हाकेच्या अंतराबाहेर गेला नाही. साधं जगायचं म्हणजे गरजा कमी करायच्या. आपली गरज असलेली माणसं कमी करायची, असा त्याचा अर्थ कुणी लावला?

याला एक आक्षेप आहे आणि तो माझ्या नवऱ्याचाच आहे. तो म्हणतो, “प्रत्येक गोष्टीचं कर्तव्य का करतेस? दहा वर्षं राबलोय. थकलोय. माणसाने नुसतं डोंगराकडे बघत बसू नये का?” बसावं. थकलेल्या माणसाला विश्रांतीचा हक्क आहे आणि तो सिद्ध करायची गरज नाही. पण मग तिला विश्रांतीच म्हणूया. सहा महिने बीरला जाऊ, बघत बसू, परत येऊ. तिला ‘पर्यायी जगणं’ म्हटलं की आपण विश्रांती घेतोय आणि वर जगाला काहीतरी शिकवतोय, असा भास होतो. त्या भासाची किंमत तिथले लोक मोजतात.

एक्सेल शीट आम्ही पुसली नाही, तिच्यात तीन रकाने वाढवले. इथे आपल्याला कुणी कामाला हाक मारेल का? मारली तर आपण वेळेवर पोचू का? आणि आपण आल्यामुळे कुणाला जावं लागेल का?

तिसऱ्या प्रश्नात दोन्ही जागा नापास. पहिल्यात दोन्ही जवळपास सारख्या. दुसऱ्याचा पहिला भाग सांगलीहून सुरू होतो. मडगावला गोवा एक्स्प्रेस पकडली की त्याच दिवशी मिरज, तिथून सांगली दहा किलोमीटर. बीरहून रात्रीची बस, दिल्ली, मग हीच गोवा एक्स्प्रेस उलट्या दिशेने. दोन दिवस, दरड कोसळली नसेल तर. आईला विचारलं तर ती म्हणते, “माझं काय मधेच? तुम्ही तुमचं बघा.” तिने असं म्हणणं हा तिचा मोठेपणा आहे. ते आपण खरं धरणं हा आपला सोयीस्करपणा.

म्हणून जूनपासून दिवाडी. विकत काही घ्यायचं नाही. रिकाम्या वाड्याचं सुशोभीकरण नको, राहत्या घरातल्या दोन खोल्या पुरे, म्हणजे निदान घरमालकीण त्याच घरात राहील. कोंकणी शिकायची, कारण हाक त्या भाषेत येणार. पुलाच्या वादात आपलं मत द्यायचं नाही. बांधाचं काम निघालं तर विचारायचं, माती वाहायला माणूस हवंय का. ‘नको’ म्हणाले तर तेही ऐकून घ्यायचं. उपऱ्याला काम न देण्याचा हक्क त्यांचा आहे.

डोंगर सुटला याचं वाईट वाटतं. ऑक्टोबरातल्या सकाळी धौलाधारवर पडणारं ऊन माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही आणि नवऱ्याने अजून फोनचा वॉलपेपर बदललेला नाही. दिवाडीवरून पूर्वेला सह्याद्री दिसतो म्हणून त्याची समजूत काढायला गेले, तर त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

दोन पावसाळ्यांची मुदत ठरवली आहे. तेवढ्या काळात आमच्या दारावर कुणी काही मागायला आलं नाही, साधी शिडी किंवा फॉर्म भरायला मदतसुद्धा, तर आम्ही तिथे राहिलो नव्हतो, नुसते उतरलो होतो, असं समजायचं आणि सामान बांधायचं.