रंगाची साक्ष

प्रवाळभित्तीवरील एखादा चिमुकला मासा ओळखावयाचा झाला म्हणजे मनुष्य साक्षीला प्रथम बोलावतो तो रंगाला. आणि ही साक्ष इतकी ठळक व मोहक असते की तिची उलटतपासणी घ्यावी, हे सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. निळ्या अंगावर पिवळ्या आडव्या रेघा मिरविणाऱ्या एका माशास बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांनी 1787 साली ‘इंपरेटर’, म्हणजे सम्राट, हे नामाभिधान दिले. आणि त्यांच्या पश्चात श्नायडर यांनी 1801 साली सिद्ध केलेल्या ग्रंथात, काळसर निळ्या अंगावर एकात एक पांढरी वर्तुळे असलेला एक लहानगा मासा ‘निकोबारिएन्सिस’ या नावाने स्वतंत्र जाती म्हणून दाखल झाला. वस्तुतः हे त्या सम्राटाचेच बालरूप होय. स्वजातीयाची घुसखोरी प्रौढ मासा आपल्या हद्दीत खपवून घेत नाही. तेव्हा लहानग्याच्या अंगावर मोठ्यांचा वेश नसणेच त्याच्या हिताचे, अशी या रंगभेदाची एक उपपत्ती सांगतात.

येथे एकाचे दोन झाले. अन्यत्र दोहोंचा एक होतो. मोठ्या माशांच्या अंगावरील परजीवी टिपून उदरनिर्वाह करणाऱ्या, बोटभर लांबीच्या लॅब्रॉइड्स डिमिडिएटस या माशाच्या निळसर अंगावर शेपटीकडे रुंदावत जाणारा काळा पट्टा असतो. हुबेहूब तोच पट्टा आणि तीच नाचरी चाल घेऊन अ‍ॅस्पिडॉन्टस टीनिएटस हा तोतया वावरतो, आणि सेवेच्या भरवशाने स्तब्ध राहिलेल्या माशाच्या परांचा संधी मिळताच लचका तोडतो. दोघे शेजारी ठेवून न्याहाळले असता भेद सापडतो तो मुखाशी: सेवकाचे तोंड मुस्कटाच्या थेट टोकाला, तर तोतयाचे खालच्या अंगाला दडलेले.

रंग हा मुळी आपल्यासाठी लिहिलेला मजकूर नव्हेच. तो शेजाऱ्याला, गिऱ्हाइकाला अथवा वैऱ्याला उद्देशून असतो, आणि त्रयस्थाने तो वाचला म्हणजे घोटाळा व्हावयाचाच. म्हणूनच अभ्यासक परांतील काटे मोजतो, दात तपासतो, पिलू वाढेपर्यंत निर्णय तहकूब ठेवतो. ही अरसिकता नव्हे. जी खूण कोणास दाखविण्यासाठी नसून केवळ जगण्यासाठी आहे, तिच्यात बतावणीला वाव सर्वांत कमी, एवढेच त्याने जाणलेले असते.