शंभर बातची ओळ

चियांग माईतल्या एका बँकेत पैसे बदलून घ्यायला गेलो होतो. सकाळची वेळ. शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज गृहस्थ बसले होते. हातात पासबुक, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. १०० थाई बात भरायला आले होते.

एवढ्याशा रकमेसाठी इतक्या लवकर? मी विचारलं, तेव्हा ते शांतपणे सांगू लागले. पन्नाशी पार केलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीनंतर इथे राहायचं तर एक वाट अशी आहे: थायलंडच्या बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बात ठेवायचे. अर्जाआधी २ महिने आणि परवानगी मिळाल्यावर ३ महिने त्यांना हात लावायचा नाही. नंतरही ४ लाखांच्या खाली जायचं नाही. परवानगी मिळते ती एका वर्षाची. दर वर्षी बँकेचं पत्र आणि पासबुक घेऊन इमिग्रेशन कचेरीत जायचं, पासबुकात त्याच दिवसाची नोंद हवी. पण जो पैसा हलतच नाही, त्याची नोंद कुठून होणार? म्हणून हे १०० बात.

मला आपल्याकडचा नोव्हेंबर आठवला. हयातीचा दाखला द्यायला बँकेत आलेली पेन्शनर मंडळी. मी आहे, एवढंच त्यांना सांगायचं असतं. थांबलेल्या पैशालाही वर्षातून एकदा ते सांगावं लागतं तर.

खातं उघडणं सोपं गेलं का, असं मी विचारलं. पासपोर्ट होता, पैसे होते. अडलं ते पत्त्यावर. परदेशी माणूस आपल्याकडे राहतो, हे इथे घरमालकाला इमिग्रेशनला कळवावं लागतं. त्यांची घरमालकीण वयाने मोठी, गुडघे दुखणारी. तरी ती स्वतः कचेरीत जाऊन आली. मग राहण्याचा दाखला मिळाला, मग खातं. आयुष्यभर स्वतःच्या घराचे हप्ते फेडलेला हा माणूस. त्याच्यासाठी कुणालातरी म्हणावं लागलं, हे माझ्याकडे राहतात. किती साधं वाक्य आहे. आणि आपल्यासाठी ते म्हणणारं कुणी असणं, ही केवढी मोठी ठेव.

पासबुक छापणाऱ्या यंत्राची करकर थांबली. काउंटरवरच्या मुलीने पासबुक दोन्ही हातांनी परत दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि शेवटच्या ओळीखालून बोट फिरवलं. मग पासबुक पुन्हा पिशवीत.

“कचेरीत जायच्या आधी बाजारात जातो,” उठताना म्हणाले. “घरमालकिणीसाठी आंबे घ्यायचेत.”