मुद्देमालाचा मालक

दर जानेवारीत यवतमाळच्या वर्तमानपत्रांत एक फोटो ठरलेला असतो. पोलीस ठाण्याच्या आवारात टेबल, त्यावर ओळीनं मांडलेल्या रायफली, आणि भोवती गणवेशातली शाळकरी पोरं. 2 जानेवारी 1961 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, म्हणून 2 ते 8 जानेवारी हा रेझिंग डे सप्ताह. सायबर फसवणुकीवर एखादं भाषण, हेल्मेट घाला, संकटात 112 फिरवा. हे सगळ्यांना पाठ आहे आणि त्यात वावगं काही नाही. मला खटकतं ते टेबल. इतक्या जुन्या खात्याला लोकांपुढे मांडायला काय सापडतं, तर ज्यातून गोळी सुटते तेवढंच.

हे मी आमच्या गल्लीतल्या निवृत्त जमादारांपाशी बोललो. निवृत्तीला बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना 'जमादार'च म्हणतात. ते म्हणाले, "सर, मंग यवतमाळले एक म्युझियमच पाह्यजे. पण त्यात बहादुरी दाखवा. बाकीचं उकरून कोनाचं भलं झालं?"

म्युझियम हवं, हे मला तेव्हाच पटलं. 'बाकीचं' या शब्दावर मात्र अडलो आणि अजून अडलेलाच आहे.

जमादारांची बाजू हलकी नाही. गिरगाव चौपाटीवर 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी कसाबची एके-47 नळीसकट धरून ठेवली, तेव्हा त्यांच्याकडे फक्त लाठी होती. पोलिसांच्या संग्रहालयात जागा मिळावी अशी एकच वस्तू निवडायची झाली, तर मी रायफल सोडून लाठी निवडेन. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, 2018 साली 21 ऑक्टोबरला, म्हणजे पोलीस स्मृतिदिनीच, त्याचं उद्घाटन झालं. तिथं संग्रहालयही आहे आणि कामी आलेल्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. ते योग्यच आहे. पण स्मारक आणि संग्रहालय यांची कामं वेगळी. स्मारकात आपण डोकं टेकवून बाहेर येतो. संग्रहालयातून डोक्यात काहीतरी घेऊन बाहेर यावं लागतं.

कोलकात्याचं पोलीस संग्रहालय राजा राममोहन रॉय यांच्या जुन्या वास्तूत आहे. तिथली एक वस्तू प्रसिद्ध आहे: कायद्याचा जाडजूड ग्रंथ, आतून कोरलेला, पोकळीत बॉम्ब. क्रांतिकारकांनी तो मॅजिस्ट्रेट किंग्जफर्डला पाठवला होता आणि त्यानं तो उघडलाच नाही. एके काळी ज्यांना फासावर पोचवण्यासाठी हा पुरावा जपला, त्यांचीच आठवण म्हणून आज तेच खाते तो अभिमानानं दाखवते. वस्तू तीच, पण तिची बाजू बदलली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात 1870 च्या दशकापासून असंच एक दालन आहे, मात्र ते सामान्य माणसाला खुलं नाही, पोलिसांच्या शिक्षणासाठी आहे. त्यातल्या वस्तू 2015 साली पहिल्यांदा जाहीर प्रदर्शनात आल्या, तेव्हा कोणत्या दाखवायच्या आणि कोणाच्या घरच्यांना त्या पाहून काय वाटेल, यावर बराच खल करावा लागला होता.

यावरून माझ्या आवडत्या फरकाकडे येतो. ठाण्यात वस्तू 'मुद्देमाल' म्हणून राहते, संग्रहालयात 'नमुना' म्हणून. मालखान्यात ज्यानं डोकावलं असेल त्याला ठाऊक आहे: कळकट कापडात गुंडाळलेली कुऱ्हाड, दोऱ्यावर लाखेचं सील, आणि चिठ्ठीवर अप. क्र., कलम, जप्तीची तारीख, पंचांच्या सह्या. एखाद्या पंचाची सही नसते, तिथं निळा अंगठा. बाहेर आवारात जप्त मोटारसायकली, ज्यांच्या चाकांच्या आऱ्यांतून गवत वर आलेलं असतं. नमुन्याची पाटी मात्र कोरडी असते: 'कुऱ्हाड, लोखंडी.'

मला पहिल्यापासून वाटायचं की मालखाना हा इतिहासाचा शत्रू आहे. खटला संपला की न्यायालय हुकूम करतं: मालकाला परत द्या, सरकारजमा करा किंवा नष्ट करा. वस्तू जगायला चौथी वाटच नाही. आता तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, मुद्देमाल न्यायालयापुढे आला की 14 दिवसांत त्याचं वर्णन नोंदवायचं, फोटो वा चित्रण करायचं, आणि पुढच्या 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा असं ठरवून टाकलं आहे. आवारातल्या भंगाराला कंटाळलेल्या ठाणेदाराला हे वरदानच. इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती मात्र फोटो उरणार.

आमच्या जिल्ह्यातलंच घ्या. 10 जुलै 1930 ला वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला. समुद्र इथून शेकडो कोस दूर, मिठाचा कायदा मोडायचा कुठे? मग गवताचा मोडला. अटक झाली, शिक्षा झाली. त्या दिवशीचा विळा कुणी जपला असता तर संग्रहालयाचं पहिलं दालन तिथंच उभं राहिलं असतं.

अण्यांचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवाटेला जातो. हेच बापूजी 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुढच्या वर्षी 16 ऑगस्टला शेजारच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्ध्याच्या आष्टीला लोक उठले. सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले, पाठोपाठ चिमूरवर लष्कर आणि पोलिसांनी जे केलं त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी थेट दिल्लीला अण्यांच्या दारात जाऊन बसले. गवत कापून तुरुंगात गेलेला माणूस, आणि त्याच्याच दारात सरकारविरुद्ध उपोषण! भन्साळींचा उपवास 63 दिवस चालला. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी अण्यांनी राजीनामा दिला, ही गोष्ट वेगळी. मला अणे त्यामुळे लहान वाटत नाहीत, उलट जास्त जवळचे वाटतात.

आता जमादारांना माझा प्रश्न. आष्टीला मेलेले शिपाई तुमच्या बहादुरीच्या दालनात येणार की नाही? ते आपल्याच मुलखात, पगारावर, वरच्या हुकमानं उभे होते. समोरून आलेले लोक आपले हुतात्मे आहेत. एकाच भिंतीवर दोन्ही याद्या लावायची हिंमत आहे का? जमादार यावर बराच वेळ सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, "शिपायाचं काय, तो ड्युटीवर होता ना." हे उत्तर पुरेसं नाही. पण ते खोटंही नाही, आणि माझ्यापाशी याहून बरं उत्तर नाही.

खरी अडचण पुढेच आहे. संग्रहालय म्हटलं की मला सर्वांत आधी रजिस्टरं हवी होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी जमातीच्या जमाती जन्मानंच संशयित ठरवल्या. हजेरी, अंगठे, गाव सोडायला परवानगी. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय नव्या वहीत उतरवला गेला. आपल्याकडच्या फासेपारधी बेड्यावर आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठं वळते हे विचारायची गरज पडत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. 2024 मध्ये! जे रजिस्टर मी काचेच्या पेटीत ठेवायला निघालो होतो, त्याची शाई अजून वाळलेली नाही.

म्हणून मला ते सगळं उघडं मांडायचं होतं. पोरांनी रायफलीऐवजी तो अंगठ्यांचा कागद बघावा. पण कल्पना करा, त्या टेबलापाशी रांगेत बेड्यावरचाच एक मुलगा उभा आहे आणि कागदावर त्याच्या पणजोबाचं नाव, शेजारी अंगठा, पुढे 'संशयित'. बाकीची पोरं त्याच्याकडे वळून बघणार. मग मी त्याला इतिहास दाखवला, की त्याची पुन्हा एकदा हजेरी घेतली?

इथं मला मालखान्याचा कायदा वेगळा दिसू लागला. तो इतिहासाचा शत्रू आहे खरा, पण त्याला एक प्रश्न पडतो जो संग्रहालयाला सहसा पडत नाही: हे कोणाचं? मुद्देमालाला मालक असतो, निदान तो शोधावा लागतो. नमुन्याला फक्त क्रमांक असतो. अंगठ्याच्या कागदाचा मालक पोलीस खातं नाही. ज्याचा अंगठा घेतला त्याच्या घरचे लोक मालक आहेत. त्यांना आधी विचारा. ते म्हणाले मांडा, तर मांडा, आणि पाटीवरचा मजकूरही त्यांनाच लिहू द्या. ते म्हणाले जाळा, तर माझ्यासारख्यानं हळहळावं आणि गप्प बसावं. इतिहासाचं नुकसान होईल, होऊ द्या. त्यांचं नुकसान आधीच झालेलं आहे.

हे ऐकून जमादार हसले. "मंग तुमच्या म्युझियमात उरन काय?"

बरंच उरेल. अर्ध्या चड्डीतले जुने शिपाई उरतील, ज्यांना 1975 च्या 'पांडू हवालदार'नं अमर केलं. रात्रीच्या गस्तीची सायकल उरेल, मोहाच्या दारूच्या धाडीतले पिंप उरतील, पोलीस पाटलाची वही उरेल. आष्टीच्या दोन याद्या उरतील, कुणी लावल्या तर. आणि कुणाच्या घरी जपून ठेवला असेल तर पुसदचा विळाही, त्या घरच्यांनी हो म्हटल्यावर.

"माही लाठी अजून माळ्यावर आहे," जमादार म्हणाले. "देतो म्हनान तं. पण पावती द्या लागन, सर. अन् परत मागतली तं वापस."