वारशातली दुनळी

शिकारीची जुनी बंदूक वारशाने हाती आली की तिचे काय करावे या प्रश्नाला साधारणतः तीन उत्तरे दिली जातात : ती विकावी, तिला मूळ रूप परत द्यावे, किंवा आजच्या गरजेप्रमाणे तिच्यात बदल करून घ्यावा. वरवर पाहता हा प्रश्न खर्चाचा आणि सोयीचा वाटतो, त्यामुळे बाजारभाव, कारागिराची मजुरी आणि परवान्याची खटपट यांच्या हिशेबाने तो बहुधा सोडवला जातो. मात्र या हिशेबात एक गोष्ट नजरेआड होते, ती ही की तिन्ही वाटांवर काही ना काही कायमचे गमावले जाते आणि जे गमावले जाते ते प्रत्येक वाटेवर वेगळे असते. म्हणून कोणत्या वाटेने अधिक लाभ होईल हे विचारण्याआधी, कोणते नुकसान भरून येण्याजोगे आहे आणि ते नेमके कोणाचे आहे, हे विचारणे अधिक योग्य ठरते.

येथे जिचा विचार करावयाचा आहे ती महाराष्ट्रातल्या काही जुन्या घरांत अजून आढळणारी बारा बोअरची दुनळी होय. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप. ज्या नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी एका पौंडाच्या बाराव्या भागाइतकी भरते ती नळी बारा बोअरची, आणि तिचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. रायफलीच्या नळीतल्यासारख्या मळसूत्री खाचा या नळीत नसतात. ती आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून बहुधा एका गोळीऐवजी छर्‍यांचा झोत सुटतो. हे छर्रे किती अंतरापर्यंत एकत्र राहतील हे नळीच्या तोंडाशी दिलेल्या किंचित आवळपणावर, म्हणजे ‘चोक’वर, अवलंबून असते. घोडे बाहेर न दिसता आतच बसवण्याची सुटसुटीत रचना बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यातील अ‍ॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये सिद्ध केली, आणि पुढे जगभरच्या मध्यम किमतीच्या दुनळ्या बहुतांशी त्याच धर्तीवर घडल्या. ठासणीच्या बंदुकीहून अशी दुनळी सर्वस्वी वेगळी होती. काडतूस घालून लागोपाठ दोन बार काढता येत असल्याने शिकारीला, पिकाच्या राखणीला आणि घराच्या प्रतिष्ठेला ती सारखीच उपयोगी पडली, आणि खंडेनवमीच्या शस्त्रपूजनात तलवारीशेजारी तिलाही हळदकुंकू लागू लागले.

या बंदुकीचे मूळ प्रयोजन मात्र १९७२ साली झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संकोचले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ते जवळजवळ संपुष्टात आले. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यांबाबत सरकार अटी घालून देते त्या परवानग्या सोडल्या, तर शिकार हा आज कायदेशीर छंद उरलेला नाही. योगायोग असा की त्याच १९७२ साली पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा झाला, ज्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कारागिरीच्या वा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. अशा रीतीने एका कायद्याने ज्या वस्तूचे काम काढून घेतले, तिलाच दुसऱ्या कायद्याने वय वाढताच वेगळा दर्जा मिळण्याची वाट खुली ठेवली. १९२० च्या आसपास घडलेल्या दुनळ्या आता या उंबरठ्यावर आल्या आहेत. त्यांना निव्वळ अवजार म्हणता येत नाही, आणि त्या अवशेषही झालेल्या नाहीत. निर्णयाची अडचण या अधांतरी स्थितीतूनच उद्भवते.

अशा स्थितीतल्या वस्तूंचा विचार करण्यासाठी व्हिएन्नाचे कला-इतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ मध्ये वास्तुस्मारकांच्या संदर्भात केलेली मूल्यांची मांडणी उपयोगी पडते. जुन्या वस्तूत अनेक मूल्ये एकाच वेळी नांदतात आणि ती एकमेकांशी भांडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. काळाच्या खुणांतून जाणवणारे ते वयमूल्य, आणि ते असे सांगते की वस्तूला हात लावू नये, तिला स्वाभाविकपणे जीर्ण होऊ द्यावे. वस्तू एका विशिष्ट काळाचा पुरावा असते हे तिचे इतिहासमूल्य, आणि त्याची मागणी अशी की झीज येथेच थांबवावी, पण झालेली झीज पुसू नये. वस्तूने अजून काम द्यावे अशी अपेक्षा म्हणजे उपयोगमूल्य. ते दुरुस्तीचा आणि प्रसंगी बदलाचाही आग्रह धरते. याशिवाय नव्यासारखी चकाकणारी वस्तू पाहून सामान्य माणसाला जो आनंद होतो त्यालाही रीगल यांनी नवतामूल्य या नावाने स्वतंत्र स्थान दिले. दस्त्याच्या ज्या भागावर पिढ्यान्‌पिढ्या गाल टेकला तो काळवंडलेला भाग वयमूल्याच्या दृष्टीने बंदुकीचा सर्वांत मोलाचा अंश असतो, तर नवतामूल्याच्या दृष्टीने तो पॉलिश कागदाने घासून काढण्याजोगा डाग असतो. ‘मूळ रूप परत देणे’ हा शब्दप्रयोग जितका निरपवाद वाटतो तितका तो का नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

पुनरुज्जीवनाची ही वाट सर्वांत सुरक्षित समजली जाते, पण बंदुकीच्या बाबतीत ती सर्वांत फसवी आहे, याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. नळीवर चढलेला गंज काढणे म्हणजे गंजासोबत थोडे पोलादही काढणे; आतले खड्डे घासून सपाट केले की पोकळी रुंदावते आणि नळीची भिंत पातळ होते. इंग्रजी दुनळीच्या भिंतीची जाडी सर्वांत पातळ ठिकाणी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असा व्यवहारातला संकेत आहे, यावरून या हिशेबात किती थोडे भांडवल शिल्लक असते हे लक्षात येईल. इंग्लंडमध्ये या धोक्यावर फार पूर्वीच संस्थात्मक उपाय योजला गेला. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. अशा परीक्षागृहात नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून नळी तपासली जाते आणि ती टिकली तरच तिच्यावर मोहोर उमटवली जाते. पोकळी ठरावीक मर्यादेपलीकडे रुंदावली की जुनी मोहोर निरर्थक ठरते. उत्साही कारागीर बाहेरून पॉलिश करताना याच मोहोरा पुसट करतो, तेव्हा तो बंदुकीला सुंदर करत असतानाच तिचा साक्षीपुरावा नष्ट करत असतो.

दमास्कस नळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गहन होतो. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, एका गजाभोवती गुंडाळून, तापवून व ठोकून सांधल्या की ज्या नळ्या तयार होतात त्यांच्या पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. त्या मुख्यतः काळ्या दारूच्या काळातल्या होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू रुळली आणि नळीवर येणाऱ्या दाबाचे स्वरूप बदलले, त्यामुळे अशी नळी आजच्या काडतुसासाठी सुरक्षित आहे असे डोळ्यांनी पाहून कोणालाही सांगता येत नाही. तिची नक्षी परत उठवणे शक्य असते, परंतु नक्षी उठली म्हणजे सांधे बळकट झाले असे नव्हे, आणि म्हणून येथे रूपाचे पुनरुज्जीवन हे सामर्थ्याबद्दल खोटी ग्वाही देणारे ठरू शकते.

या अडचणीवर इंग्लंडमधल्या कारागिरांनी एक उत्तर शोधले आहे. नळ्या पार झिजल्या असतील तर त्या मागच्या काही इंचांवर कापून उरलेल्या भागात नव्या नळ्या बसवतात, आणि अशी बंदूक पुन्हा परीक्षेला घालून तिच्यावर ती अशा प्रकारे सांधलेली असल्याचे शब्द स्पष्टपणे कोरले जातात. ही खूण बंदुकीची किंमत उतरवते हे खरे. तरीही तिच्यामागचे तत्त्व विचारात घेण्याजोगे आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत हेच सांगितले, की गहाळ भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण रचनेशी मिळताजुळता असावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. दोन सर्वस्वी भिन्न क्षेत्रांनी एकच नियम स्वीकारावा, यावरून असे म्हणता येते की दुरुस्तीचा खरा दोष नवेपणा हा नसून लपवाछपवी हा आहे.

बदलाच्या वाटेकडे वारसा जपणारे लोक नाराजीने पाहतात, पण ही नाराजी सरसकट योग्य नाही. दुनळीचा दस्ता हा मुळातच माणसाच्या अंगलोटाप्रमाणे बेतला जाणारा भाग आहे. खांद्यापासून चापापर्यंतचे अंतर आणि दस्त्याला दिलेला किंचित बाक वापरणाऱ्याच्या हाताशी, मानेशी आणि डोळ्याशी जुळला नाही तर नेम चुकतो आणि धक्काही बसतो. नव्या मालकासाठी दस्त्याच्या मागे रबरी गादी लावणे हे म्हणूनच परंपरेशी फारकत घेणारे नव्हे, आणि मूळ लाकूड न कापता ती बसवली असेल तर नको असेल तेव्हा ती काढताही येते. नळीच्या बाबतीत मात्र तसे नाही. नळ्या आखूड केल्या की तोंडाकडचा आवळलेला भाग कापला जातो, छर्रे लवकर पसरतात आणि कापलेला तुकडा कोणालाही परत जोडता येत नाही. काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर, वाढवण्याचा मोहही असाच आहे. जुन्या अनेक दुनळ्यांचे चेंबर ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी असते, तर ७० मिलिमीटरचे काडतूस हे माप उडाल्यानंतरच्या उघडलेल्या लांबीचे असल्याने न उडालेल्या अवस्थेत ते लहान चेंबरमध्येही सहज जाते, आणि बार उडाल्यावर त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडून दाब वाढवते. काडतूस बसते म्हणून ते चालते, हा समज त्यामुळेच घातक आहे. पण त्यावर उपाय म्हणून चेंबर कोरून वाढवले तर आधीच मोजकी असलेली धातूची जाडी अगदी जोखमीच्या ठिकाणी कमी होते. भारतात तर या वाटेवर कायदाही उभा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे खास परवान्यावाचून नळी आखूड करता येत नाही, आणि दुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिरानेच करावे लागते.

उरते ती विक्रीची वाट. तिला घरात बहुधा निष्ठुरपणाचे लेबल लागते, पण वस्तूच्या बाजूने पाहिले तर ती सर्वांत सौम्य आहे. विकल्याने नळीचा कणही झिजत नाही, मोहोर पुसली जात नाही, दस्त्यावरचा काळवंडलेला भाग तसाच राहतो. जे तुटते ते वस्तू आणि घर यांच्यातले नाते, आणि ते ज्याचे तुटते त्यालाच त्याचे मोल ठरवण्याचा अधिकार असतो. किमतीला मात्र या निर्णयात फार मान देऊ नये, कारण खासगी व्यक्तींसाठी परदेशी बंदुकांची आयात अनेक दशके जवळजवळ बंद असल्याने भारतातला भाव पुष्कळदा कारागिरीपेक्षा दुर्मिळतेचा असतो. शिवाय ही विक्री भांड्याकुंड्यांच्या विक्रीसारखी नसते. स्वतःच्या वापरासाठी बाळगलेले शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला देण्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. बंदूक ही मालमत्ता म्हणून वारसाकडे येते, पण ती बाळगण्याचा हक्क येत नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने मागावा लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा त्याने वयाची सत्तरी गाठल्यावर किंवा २५ वर्षे शस्त्र बाळगल्यावर, वारसाला परवाना देण्याची सोय ठेवली असली, तरी २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे दोनच शस्त्रे असू शकतील अशी मर्यादा वारशालाही लागू केली. या अर्थाने बंदुकीचा मालक हा तिचा तात्पुरता राखणदारच असतो, आणि घराने पिढ्यान्‌पिढ्या मानलेले ‘आपली’ हे विशेषण कायद्याच्या दृष्टीने नेहमीच मुदतबंद राहते.

या सर्व विवेचनातून एक क्रम हाती लागतो. पूर्ववत करता येणारा फेरफार पूर्ववत न करता येणाऱ्या फेरफाराच्या आधी विचारात घ्यावा. घराचे नुकसान आणि वस्तूचे नुकसान यांची गल्लत करू नये. आणि रूप, सामर्थ्य व पुरावा या तीन गोष्टींपैकी एक सुधारताना दुसरी बिघडत नाही ना, हे मोजून पाहावे. या क्रमावर एक रास्त आक्षेप घेता येईल, तो असा की परत फिरता येईल अशाच वाटेचा आग्रह धरणारा माणूस शेवटी काहीच ठरवत नाही. हा आक्षेप निराधार नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तेलावाचून ठेवलेल्या नळीत गंज स्वतःहून काम करत राहतो आणि परवान्याची मुदतही कोणासाठी थांबत नाही. तेव्हा निर्णय न घेणे हीही एक चौथी वाट आहे, आणि तीत घराचे व वस्तूचे असे दोन्ही नुकसान एकाच वेळी होते. म्हणून जाणत्या कारागिराकडून नळीची जाडी व पोकळी मोजून घेणे, तेल लावून गंज थांबवणे आणि कागदपत्रे नीट करणे ही कामे निर्णयाआधीची मानली पाहिजेत, कारण ती कोणत्याच वाटेच्या आड येत नाहीत.

त्यानंतर जी वाट निवडली जाईल तिच्यासाठी सांधलेल्या नळीवर कोरलेल्या शब्दांचा धडा पुरेसा आहे. बंदूक विकली तर ती कोणाच्या घरातून, किती वर्षांनी गेली याची नोंद तिच्यासोबत जावी. दुरुस्त केली तर कोणता भाग जुना आणि कोणता नवा याचा कागद परवान्याजवळ ठेवावा. आणि दस्ता बदलला तर काढलेले लाकूड फेकून देऊ नये. पुढे जो कोणी ही दुनळी हातात घेईल त्याला मागच्यांचा निर्णय पटलाच पाहिजे असे नाही, पण तो निर्णय त्याला वाचता आला पाहिजे, आणि एवढी सोय करून ठेवणे मात्र आजच्या राखणदाराच्या हाती आहे.