कालचा देवदत्त

घरातील दोन संगणक एकाच राउटरला जोडलेले असावेत, त्यांपैकी एकावर कुटुंबाच्या छायाचित्रांचा, घरच्यांपुरताच राखलेला फोल्डर शेअर केलेला असावा, आणि त्या संगणकावर विंडोज नव्याने बसविल्यावर, तेच नाव व तोच पासवर्ड देऊनही, प्रवेश नाकारल्याचा संदेश पडद्यावर यावा, हा प्रसंग आज पुष्कळांच्या वाट्याला येतो. संगणक सापडतच नसेल तर दोष वाटेचा. तो तारेत किंवा फायरवॉलमध्ये शोधावा. येथे मात्र वाट सापडली आहे, नाव आणि पासवर्डही मान्य झाला आहे, आणि तरीही मज्जाव आहे.

कारण असे की, विंडोजच्या दप्तरी परवाना नावावर चढतच नाही. खाते उघडताच त्याला एस-१-५-२१ असा आरंभ असलेला एक लांबलचक क्रमांक मिळतो, फोल्डरच्या परवान्यांच्या यादीत तोच लिहिला जातो, आणि पुढे नव्या विंडोजमध्ये जुन्याच नावाने खाते उघडले तरी क्रमांक नवा पडतो. सिक्युरिटीच्या सदरात पाहावे, तर आपले नाव असावयाचे तेथे 'अकाउंट अननोन' असा शेरा आणि तो बेवारस क्रमांक. शेअर करताना संपूर्ण अधिकार दिला तरी उपयोग नाही. शेअरची यादी व डिस्कवरील फोल्डरची यादी यांत जी अधिक कडक, तिचाच अंमल चालतो. वर्षानुवर्षांची वहिवाट तेथे पुरावा ठरत नाही.

येथे वेदान्त्यांचा देवदत्त आठवतो. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी भेटला असता 'तोच हा' असे आपण म्हणतो, तेव्हा देश-कालादी उपाधी गाळून उरलेल्या व्यक्तीचे ऐक्य आपल्याला अभिप्रेत असते, असे ते सांगतात. हे ऐक्य नव्हे, सादृश्यजन्य भ्रम आहे, असे क्षणिकवादी बौद्ध म्हणतो. आणि ज्याने पाहिले व ज्याला आठवते तो एकच असल्यावाचून स्मरणच संभवत नाही, असे शंकराचार्य त्याला उत्तर देतात.

नामरूपाला कवडीची किंमत न देणारे विंडोज प्रथमदर्शनी वेदान्त्यांच्याच पक्षाचे भासते, परंतु माझ्या मते तो आभास आहे. उपाधी गाळल्यावर त्याच्यापाशी उरतो तो द्रष्टा नव्हे, बहाल केलेला क्रमांक. आणि क्रमांकाला काही आठवत नाही, तो जुळतो किंवा जुळत नाही. 'ही छायाचित्रे मीच काढली' ही आपली तक्रार स्मृतीवर उभी असते, आणि स्मृतीला त्या यादीत रकानाच नाही. (पासवर्ड हीही स्मृतीच, असे कोणी म्हणेल; पण तो दुसऱ्यालाही पाठ होतो.)

उपाय सोपा आहे. प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्यातून फोल्डरची मालकी आपल्याकडे घ्यावी, नव्या खात्याला परवाना द्यावा आणि तो आतील फाइलींनाही लागू करावा, म्हणजे फोल्डर उघडतो. मात्र पूर्वीचा मालक तो मीच, हे त्यासाठी कोठेही सिद्ध करावे लागत नाही. ते अधिकार सुटीत आलेल्या भाच्याच्या हाती असते, तर त्यालाही तो तसाच उघडता आला असता, आणि देवदत्ताचा प्रश्न होता तेथेच राहिला असता.