तेलाची तजवीज

दिवाळी हा देण्याघेण्याचा सण आहे. फराळाची ताटे या घरातून त्या घरात जातात, बहिणीच्या ताटात ओवाळणी पडते, घरकामाच्या बाईंना साडी आणि इमारतीच्या वॉचमनला पाकीट मिळते. देण्याविषयी आपल्याकडे विचारही पुष्कळ झालेला आहे. कोणाला द्यावे, केव्हा द्यावे, किती द्यावे, दिल्यावर त्याचा उच्चार करावा की नाही, या सगळ्यांची उत्तरे आजीच्या तोंडून आपण लहानपणीच ऐकलेली असतात. एका प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळलेले दिसत नाही. तो प्रश्न असा की, देणे संपते केव्हा?

लाडू दिला, खाल्ला, संपला. साडी दिली, नेसली, विरली. त्यात देणाऱ्याचा काही दोष नाही. परंतु काही वस्तू अशा असतात की त्या हाती पडल्या म्हणजे घेणाऱ्याचे सगळे आयुष्य त्यांच्याभोवती नव्याने मांडले जाते. चाकाची खुर्ची ही अशी वस्तू आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथेला तेच नाव दिले आणि मराठी वाचकाला तो शब्द घरचा झाला. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांच्या कमरेखालची शक्ती गेली. पुढे त्यांच्या पुढाकाराने १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली. खुर्चीवर बसून माणूस किती मोठा संसार उभा करू शकतो, हे त्यांनी दाखविले. पण खुर्ची चालली पाहिजे, ही त्यातली पहिली अट आहे, आणि ती इतकी साधी आहे की आपल्या लक्षातच राहत नाही.

माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर नाक्यावरचा चांभार दहा मिनिटांत टाका घालून देतो. तेवढा वेळ मी एका पायावर उभा राहतो आणि घरी जाऊन ती गोष्ट विसरतो. खुर्चीचे चाक निखळले तर त्या माणसाचे काय होते? त्याचे कामावर जाणे थांबते, शाळा थांबते, आणि पुष्कळदा संडासापर्यंत जाणेही दुसऱ्याच्या खांद्यावर येते. आपण म्हणतो, 'खुर्ची मोडली.' त्याच्या दृष्टीने पाय मोडलेला असतो, आणि तोही दुसऱ्यांदा.

मी राहतो त्या ऐरोलीत हे रोज पाहावयास मिळते. सिडकोने आखलेले हे गाव कागदावर फार सुबक आहे. सेक्टरांना क्रमांक आहेत, रस्ते सरळ आहेत. परंतु खुर्चीवर बसून पाहिले म्हणजे त्याचा नकाशा निराळा दिसतो. पदपथ वीतभर उंच, त्यावर चढायला उतार एका टोकाला असतो तर दुसऱ्या टोकाला नसतो. गटारावरच्या जाळीत पुढचे छोटे चाक बरोबर अडकते. गतिरोधकावर खुर्ची आदळते. चार महिने पाऊस, आणि बारा महिने खाडीचा खारा वारा. लोखंडाला गंज चढायला येथे निमित्त लागत नाही. आणि येथे वाटल्या जाणाऱ्या खुर्च्यांपैकी बऱ्याच खुर्च्या मुळात इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीसाठी घडविलेल्या असतात. एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत रोग्याला न्यावे, एवढेच त्यांचे काम. त्या खुर्चीवर बसून कोणी रोज स्टेशन गाठील, ही कल्पना ती घडविणाऱ्याच्या मनात नव्हती.

माझ्या परिचयाच्या एका घरात चौदा वर्षांची मुलगी आहे. एका शिबिरात तिला खुर्ची मिळाली. हार झाले, भाषणे झाली, फोटो निघाला. आठ महिन्यांनी पुढच्या चाकाचे बेअरिंग फुटले. आई खुर्ची घेऊन सायकलवाल्याकडे गेली. त्याने चाक फिरवून पाहिले आणि म्हणाला, "मावशी, हे माप आपल्याकडं येत नाही. सायकलचं असतं तर आत्ता बसवून दिलं असतं." देणाऱ्यांकडे चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की, सुटे भाग आमच्याकडे नसतात, पुढच्या शिबिरात नव्या खुर्चीसाठी नाव द्या. त्या उत्तरात उर्मटपणा काही नव्हता. ती माणसे चांगलीच होती. पण मुलगी सात आठवडे शाळेत आली नाही. मूठभर किमतीच्या एका पोलादी कड्याने तिचे सहामाहीचे वर्ष खाल्ले.

याच्या उलट उदाहरण आपल्या रस्त्यांवरच आहे. हाताने पॅडल फिरवून चालवायची तीनचाकी सायकल आपण सर्वांनी पाहिली आहे. दिसायला ती ओबडधोबड, पण वर्षानुवर्षे चालते. तिचे रहस्य साधे आहे. तिची चाके, तारा, साखळी, ट्यूब ही सगळी बाजारात मिळणाऱ्या सायकलीचीच असतात. पंक्चर झाले तर गल्लीतला पोरगा काढतो. ती सायकल ज्याने प्रथम आखली त्याने नकळत देशातल्या प्रत्येक सायकलवाल्याला तिचा कारखानदार करून ठेवले.

हाच विचार जयपूरला १९६८ च्या सुमारास झाला. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी केलेला होता. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात अनवाणी चालता येत नसे. म्हणजे भारतीय माणूस जे जे करतो ते काहीच येत नसे. सवाई मानसिंग रुग्णालयातले डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि फारसे न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबराचा पाय घडविला. त्यात टायरवाल्यांच्या ओळखीचे रबर आणि त्यांच्याच भट्टीचे तंत्र होते. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव मागे राहिले, हा आपल्या समाजाचा जुना स्वभाव आहे. पण पाय उभा राहिला तो शल्यविशारदाची विद्या आणि कारागिराचा हात एकत्र आले म्हणून. तिकडे अमेरिकेत राल्फ हॉचकिस हा स्वतः खुर्चीवर बसणारा अभियंता १९८० साली निकाराग्वात गेला. तेथे चार तरुण मिळून एकच खुर्ची वापरीत होते आणि तिची डागडुजीही तेच करीत होते. त्यांच्याकडून शिकून त्याने अशा खुर्च्या आखल्या की त्या स्थानिक कारखान्यात, सायकलीच्या भागांतून तयार व्हाव्यात.

आता एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, "टिकाऊ खुर्ची महाग पडते. लाख रुपयांत साध्या वीस खुर्च्या येतात, मजबूत आठच येतील. उरलेल्या बारा माणसांनी जमिनीवर सरपटत राहायचे का? तुमचा टिकाऊपणा त्यांना काय कामाचा?" जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीचशे कोटी माणसांना कोणते ना कोणते साहाय्यक साधन लागते, आणि त्यांपैकी जवळजवळ शंभर कोटींना ते मिळत नाही. आपल्या २०११ च्या जनगणनेत हालचालीचे अपंगत्व असलेले चोपन्न लाखांहून अधिक लोक मोजले गेले. रांग एवढी लांब असताना दुरुस्तीची भाषा करणे म्हणजे भुकेल्याला पंगतीचे नियम सांगण्यासारखे नाही काय?

आक्षेप घेणाऱ्याचे मन स्वच्छ आहे, म्हणून त्याला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे. तो खुर्च्या मोजतो. आपण हिंडण्याफिरण्याचे दिवस मोजू. वीस खुर्च्या वर्षभर टिकल्या तर वीस वर्षांचे चालणे विकत घेतले. आठ खुर्च्या पाच वर्षे टिकल्या तर चाळीस वर्षांचे घेतले, आणि त्यातले काही दरसाल दुरुस्तीला गेले तरी पारडे तिकडेच झुकते. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते मागेपुढे होतील. पण शिबिरात खुर्च्या मोजायच्या आणि दिवस मोजायचेच नाहीत, ही पद्धत मात्र खरी आहे, कारण खुर्च्यांचा फोटो निघतो, दिवसांचा निघत नाही.

तरीही हिशेब संपला म्हणजे नीती संपली असे नाही. आज जमिनीवर पडलेल्या माणसाला "थांब, पाच वर्षे टिकणारी खुर्ची येऊ दे" असे सांगणे क्रूरपणाचे होईल. त्याला आज मिळेल ती द्यावी. पण ती देताना आपण त्याच्याकडून काही घेतही असतो, हे विसरू नये. खुर्ची येण्यापूर्वी त्याच्या घराने त्याच्या न चालण्याशी कशीतरी जुळवणी केलेली असते. खुर्ची आली की ती जुळवणी मोडते. तो नोकरी धरतो, मुलगी शाळेत नाव घालते, आई दुपारचे काम पत्करते. हे सगळे त्या चार चाकांच्या भरवशावर होते. तो भरवसा आपण निर्माण केला. म्हणून चाक निखळले तेव्हा "आमचे काम देण्याचे होते" असे म्हणून मोकळे होता येत नाही. भरवसा देणे हे एक प्रकारचे कर्ज काढणे आहे, आणि ते देणाऱ्याच्या नावावर चढते.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. जी वस्तू गल्लीत दुरुस्त होते ती आपल्या मालकीची असते. तीत काय बिघडले ते आपण पाहतो, कोणाकडे न्यायची ते ठरवतो, चार पैसे मोजून ती चालू करतो. जी वस्तू दुरुस्तच होत नाही तिचा खरा मालक देणाराच राहतो. ती बिघडली की घेणाऱ्याला पुन्हा रांगेत, पुन्हा अर्ज घेऊन उभे राहावे लागते. एकदा याचक होण्यात कमीपणा नाही. वेळ कोणावरही येते. परंतु दर वर्षी याचक व्हायला लावणारे दान माणसाला चालते करीत नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या खुर्च्यांसाठी कायदा केला, की सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तके कारखानदाराने मालकाला व स्वतंत्र कारागिरालाही दिली पाहिजेत. श्रीमंत देशातही माणसे एका सुट्या भागासाठी आठवडे आठवडे अडकून पडत होती, म्हणून ही पाळी आली.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कळत होती. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंना लेणे कोरून दिले. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. शाळेतल्या मुलालाही हे गणित सुटेल: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस; आणि लेखात म्हटले आहे की लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. अशा ठेवीला त्यांनी 'अक्षयनीवी' म्हटले. लेणे दगडाचे होते, ते टिकणारच होते. पण त्यात राहणाऱ्या माणसाचे वस्त्र दर वर्षी फाटते, हे त्या दात्याने ध्यानात घेतले. पुढेही आपल्याकडे देवळाला नंदादीप लावून देणारे लोक नुसती समई देऊन थांबत नसत. तेलासाठी जमीन लावून देत.

मग आपल्याला काय करता येईल? फार मोठे काही नको. आमच्या ऐरोलीशेजारी रबाळ्याला औद्योगिक वसाहत आहे. लेथवर बसून केसाएवढा फरक ओळखणारे कारागीर तेथे आहेत. पुण्याला १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. ज्ञानाची वाण आपल्याला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यात माणसाचे माप घेणे आहे, त्याला चालवायला शिकविणे आहे, आणि आठवी पायरी आहे देखभाल व दुरुस्ती. आपली शिबिरे बहुधा मधल्या एखाद्या पायरीवर फोटो काढून घरी जातात.

म्हणून ज्या मंडळाला, सोसायटीला वा कुटुंबाला यंदा खुर्ची द्यावीशी वाटेल, त्यांनी विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. हिचे चाक आमच्या नाक्यावर बदलता येईल काय? बेअरिंग बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहे काय? बसणाऱ्याच्या अंगाला ती बेतून मिळेल काय? कारण झोळ आलेल्या बैठकीने अंगाला जखमा होतात, आणि ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला त्या कळतही नाहीत. शिवाय खुर्चीबरोबर एका डब्यात दोन ट्यूबा, बेअरिंगांचा एक जोड, पाना आणि तेलाची कुपी द्यावी. आणि दहा खुर्च्यांचे पैसे जमले असतील तर आठच घ्याव्यात. उरलेल्या पैशांतून गल्लीतल्या सायकलवाल्याकडे एक खाते उघडावे, की या आठ माणसांपैकी कोणीही आले तर आधी काम कर, पैसे आमच्याकडून घे.

या दोन खुर्च्यांचा फोटो निघणार नाही आणि भाषणात त्यांचा उल्लेख करता येणार नाही. पण दिवाळीच्या रात्री पणती लावणारी घरातली बाई हेच करीत असते. सगळे जण अंगणातल्या रोषणाईकडे पाहत उभे असतात. ती मात्र हातात तेलाचे भांडे घेऊन पुन्हा एकदा ओळीने फिरते, आणि जी पणती मंदावली असेल तीत थोडे घालते.